सगळ्यात चांगलं कोकरू सगळ्यात आधी विकलं जातं

फेब्रुवारी संपत आला की आमच्या वाड्यावर व्यापारी यायला लागतात. वाडा म्हणजे घर नाही, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चार-पाच कुटुंबांची मेंढरं एकत्र फिरतात त्या तळाला आमच्यात वाडा म्हणतात. व्यापारी गाडी बांधावर लावतो, चहा घेतो आणि वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळ्यात, शिरतो. एकेका नर कोकराच्या पाठीवर हात ठेवतो, कमरेवर चार बोटं दाबून बघतो, मांडीत एकदा मूठ घालतो आणि बाजूला काढतो. चाळीस कोकरांतनं दहा-बारा काढायला त्याला दहा मिनिटं पण लागत नाहीत, आणि खरं सांगतो त्याचा हात फारसा चुकत नाही. जी भरलीत, जी लवकर वाढलीत तीच तो नेतो. मागं राहतात ती बारकी, उशिरा जन्मलेली, आजारातनं उठलेली. मग जून आला, मेंढ्यांना नर लावायची वेळ झाली की आम्ही या मागं राहिलेल्यांतनंच त्यातल्या त्यात बरा दिसेल तो मेंढा ठेवतो.

हे दरवर्षी चालतं. माझ्या आज्ज्याच्या काळापासून चालतं. आणि मग आपणच म्हणतो की पूर्वीसारखी मेंढरं राहिली नाहीत, कोकरं पहिल्यासारखी वाढत नाहीत. कशी वाढतील, वाढणाऱ्याचं रक्त आपण दरसाल गाडीत भरून देतोय.

या एका गोष्टीवर मला बरेच दिवस लिहायचं होतं. आमची मेंढरं दख्खनी, जात काळी, गाव माण तालुक्यात, शंभू महादेवाच्या डोंगररांगेच्या पायथ्याला. पावसाळ्यात गावाकडं डोंगरावर चरतात, दिवाळी झाली की वाडा हलतो आणि आम्ही कऱ्हाडकडच्या बागायती पट्ट्यात उतरतो, तिथं खतासाठी शेतात मेंढरं बसवायची, त्याचं धान्य नाहीतर पैसे घ्यायचे, आणि पाऊस पडायच्या आत परत वर. यात मेंढरू रोज दहा-पंधरा किलोमीटर सहज चालतं. त्यामुळं आमचा मेंढा कसा पाहिजे हे ठरवताना नुसतं वजन बघून भागत नाही, पण वजन न बघता पण भागत नाही.

२०१५ ला आमच्या घरातल्या मोठ्यांनी, म्हणजे आप्पांनी, आणि मी मिळून एक मेंढा विकत घेतला. काळाभोर, छाती रुंद, शिंगं वळलेली, चालला की लोकं वळून बघायची. त्याचं नाव काळ्याच पडलं. १४ हजार दिले, आमच्यासाठी तेव्हा ती मोठी रक्कम होती. ज्याच्याकडनं घेतला त्यानं त्याला घरी दावणीला बांधून मका आणि हरभऱ्याची चुणी घालून वाढवला होता, हे आम्हाला माहीत होतं, पण अंग बघून डोळे दिपले ते दिपलेच. आमच्याकडं आल्यावर दोन महिन्यांत डोंगर चढून-उतरून त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. दोन हंगाम वापरला. त्याची कोकरं आधीच्यांपेक्षा मोठी झाली का? मला वाटायचं नाही झाली, आप्पांना वाटायचं झाली, आणि आमच्या दोघांकडं पण दाखवायला काही नव्हतं. एवढे पैसे घालून शेवटी "मला वाटतं" आणि "तुला वाटतं" एवढंच हातात राहिलं, त्याचा मला फार त्रास झाला. तिथनं वही सुरू झाली, साल २०१७.

आता वही म्हटलं की काही जणांना वाटेल हे शिकलेल्या पोराचं खूळ. तसं नाहीये. माझे आज्जे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं पण मेंढा निवडायचा म्हटलं की ते कोकराकडं बघायच्या आधी विचारायचे, "कुणाचं हाय? आधी आयची कास बघ, मग लेकराचं अंग बघ." कुठली मेंढी कितव्या वेताची, कुणाचं पोर मागच्या साली मेलं, कुठली एका सडानंच पाजते, सगळं तोंडपाठ. म्हणजे नोंद होतीच, डोक्यात होती. पण डोक्यातल्या नोंदीत आईची बाजू पक्की असते आणि बापाची बाजू रिकामी, कारण वाड्यात चार घरांचे चार-पाच मेंढे एकत्र फिरणार, मग कुठलं कोकरू कुणाचं हे देवालाच ठाऊक. आणि डोकं एका माणसाबरोबर जातं. आबा २०१४ ला गेले, त्यांच्याबरोबर सव्वाशे मेंढ्यांचा इतिहास गेला.

वहीत मी काय लिहितो ते सांगतो. कानाला बिल्ला मारायचा, त्याचा नंबर. जन्माची तारीख. आईचा नंबर, तिचं कितवं वेत. बापाचा नंबर. नर का मादी, एकटं का जुळं. जन्मल्यावर एका दिवसाच्या आतलं वजन, आणि मग तीन महिन्यांच्या आसपासचं वजन. बस. शेवटचा रकाना मोठा ठेवलाय, त्यात लंगडलं, जंताचं औषध पाजलं, हगवण लागली असलं सगळं. वजनाला लटकता स्प्रिंगचा काटा, बाभळीच्या फांदीला नाहीतर तीन काठ्यांच्या तिवईला अडकवायचा, खाली पोत्याची झोळी. कोकरू झोळीत घातलं की आधी लाथा झाडतं, काटा नुसता नाचतो, मग क्षणभर शांत होतं, तेवढ्यात आकडा वाचायचा. आई झोळीखाली येऊन ओरडत उभी राहते. एका सकाळी साठ कोकरं होतात, दोन माणसं पाहिजेत, एक धरायला आणि एक लिहायला, माझी बायको लिहिते कारण माझं अक्षर मलाच लागत नाही.

बापाचा रकाना भरणं सगळ्यात अवघड गेलं. ते फक्त जून-जुलैत जमतं, तेव्हा आम्ही गावाकडं असतो. मेंढ्यांचे दोन गट केले, म्हाताऱ्या आणि तरण्या दोन्हींकडं सारख्या वाटल्या, एकेका गटाला एकच मेंढा, आणि साधारण ४५ दिवस गट वेगळे चारले. मेंढी १७ दिवसांनी परत माजावर येते म्हणून ४५ दिवसांत तिला दोनदा-तीनदा संधी मिळते. मेंढ्याच्या छातीला गेरू तेलात कालवून चोपडायचा, ज्या मेंढीवर चढला तिच्या पाठीला मागं रंग लागतो, संध्याकाळी वाघरीत घेताना ते नंबर लिहायचे. सतरा दिवसांनी रंग बदलायचा, म्हणजे जी परत माजावर आली ती कळते. तिथनं पाच महिने, दीडशे दिवस मोजले की व्यायची तारीख पण हातात. शेजारच्या वाड्यातला मेंढा रात्री वाघर उडी मारून आला तर त्या आठवड्याच्या नोंदीवर प्रश्नचिन्ह टाकतो, अंदाजानं नाव लिहीत नाही.

आता दोन कोकरांची गोष्ट. ही सांगायलाच खरं तर बसलोय.

४१२ नंबर ९ नोव्हेंबर २०१८ ला जन्मला, भाऊबीज होती त्या दिवशी. जन्माचं वजन ३.३ किलो, आई चौथ्या वेताची, दुधाची खाण. ४३१ नंबर जन्मला ४ डिसेंबरला, वजन २.७ किलो, आई पहिलारू, पान्हा कमी, दोनदा तर दुसऱ्या मेंढीला लावून पाजलं. ते साल दुष्काळाचं होतं, पाऊस दगा देऊन गेलेला, चारा कुठंच नव्हता. २० फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही सगळी वजनं केली. ४१२ भरला १७.२ किलो, ४३१ भरला १३.९. शेजारी शेजारी उभं केलं तर कुणीही ४१२ कडंच बोट दाखवणार. आप्पांनी दाखवलं, व्यापाऱ्यानं दाखवलं, मी पण आधी तेच केलं असतं.

रात्री वही घेऊन बसलो. ४१२ त्या दिवशी १०३ दिवसांचा होता. जन्माचं वजन वजा केलं तर १३.९ किलो वाढला, म्हणजे दिवसाला १३५ ग्रॅम. ४३१ फक्त ७८ दिवसांचा, ११.२ किलो वाढला, दिवसाला जवळजवळ १४४ ग्रॅम. पहिलारू आईच्या अर्ध्या दुधावर. मला विश्वास बसेना म्हणून परत केलं, मग मनात आलं की लहान कोकरू दुधावर असतं तेव्हा वाढ जास्त असते आणि पुढं मंदावते, तर ही तुलना ४३१ च्या बाजूनं झुकलेली असू शकते. म्हणून थांबलो. १७ मार्चला ४३१ बरोब्बर १०३ दिवसांचा झाला, परत झोळीत घातला, १७.६ किलो. जन्मानं ६०० ग्रॅम मागं असलेलं पोर त्याच वयाला ४०० ग्रॅम पुढं गेलं होतं. तोपर्यंत ४१२ गाडीत बसून गेलेला, आणि ४३१ साठी व्यापारी परत आला होता, कारण आता तो पण डोळ्यात भरायला लागला होता. आप्पा म्हणाले देऊन टाकू, दुष्काळ आहे, पैसे लागतायत. मी त्यांना दोन्ही पानं दाखवली. ते बराच वेळ बघत बसले, मग काही न बोलता ४३१ च्या गळ्यात निळी दोरी बांधली. आमच्यात निळी दोरी म्हणजे विकायचा नाही.

हेच जिथं मोठ्या प्रमाणावर चालतं तिथं याला शास्त्राचं रूप दिलंय. इंग्लंड-वेल्स-स्कॉटलंडच्या डोंगरातले मेंढपाळ पण आपल्यासारखेच, मेंढरं उघड्या डोंगरावर, बाप कोण माहीत नाही. तिकडं सिग्नेट नावाची नोंदी ठेवणारी यंत्रणा आहे, ऑस्ट्रेलियात लॅम्बप्लॅन आहे. ते काय करतात, तर मेंढ्याचं नुसतं स्वतःचं वजन न बघता त्याच्या आईचं, भावंडांचं, पोरांचं सगळ्यांचं वजन एकत्र धरतात, त्यातनं आईचं वय, जुळं-एकटं, जन्माची तारीख, कळप यांचा फरक बाजूला काढतात आणि मग उरतं ते रक्तातलं किती याचा अंदाज काढतात. त्याला पैदास मूल्य म्हणतात. वेल्समध्ये २०१८ पासून डोंगरी मेंढ्यांसाठी खास योजना आली त्यात बाप ओळखायला डीएनए वापरला, म्हणजे मेंढरं वेगळी चारायची गरजच नाही. माझ्या वहीत एवढं काही होत नाही, पण ४१२ आणि ४३१ चं मी जे केलं ते त्याचंच बारकं रूप आहे, दिसतं त्यातनं नशिबाचा आणि दुधाचा वाटा वजा करायचा.

आणि एक गोष्ट जी डोळ्याला कधीच दिसणार नाही ती आपल्या सातारा जिल्ह्यातच सिद्ध झालीय. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ ची. तिथल्या पशुसंवर्धन विभागात डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या लोकांनी सुंदरबनातली गरोळे मेंढी आणून दख्खनीवर काम केलं, ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाबरोबर आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेबरोबर. गरोळे एवढीशी, मोठी मेंढी बारा-पंधरा किलोची, पण जुळी-तिळी देते, कारण तिच्यात फेक-बी नावाचा जनुक आहे. आपली दख्खनी बहुतेक एकच कोकरू देते. हा जनुक दख्खनीत आणला पण बारकं अंग नको होतं, म्हणून परत परत दख्खनीशी संकर करत गेले आणि त्यातनं नारी सुवर्णा मेंढी उभी राहिली. मजा म्हणजे १७९० च्या दशकात कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या, तिथल्या बुरूला मेरिनो जातीच्या मेंढरांत हाच जनुक सापडला, आणि दोनशे वर्षांनी गरोळेतला तोच जनुक इकडं कामाला आला.

मुद्दा असा की मेंढा काय व्यायचा नाही. जुळ्यांचा गुण त्याच्यात आहे का हे तो कितीही देखणा असला तरी त्याच्याकडं बघून सांगता येत नाही, तो दिसणार त्याच्या मुलींमध्ये, दोन-तीन वर्षांनी. तसंच दुधाचं. मेंढ्याला कास नसते पण मुलींच्या कासेतला अर्धा वाटा त्याचाच. म्हणून एक तर रक्त तपासा, नाहीतर आई-बहिणींची नोंद बघा, तिसरा रस्ता नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर आमच्यासारख्या फिरत्या वाड्याला सगळ्याच मेंढ्यांना जुळी नको, दुष्काळात एक पोर पोसताना मेंढीची हाडं निघतात. घरी बांधून चारा घालणाऱ्याचं गणित वेगळं.

माडग्याळ मेंढ्यांबद्दल पण बोलायला पाहिजे कारण आमच्या शेजारीच जत-आटपाडी. पोपटासारखं बाकदार नाक, उंच अंग, वाढ भन्नाट. तिथल्या एकेका मेंढ्याला लाखांत बोली लागल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. मेंढीपालनाला मान मिळतोय याचा मला मनापासून आनंद आहे. पण पैसे मोजताना नाकाचा बाक बघितला जातो आणि पोरांची वजनं कुणी विचारत नाही, याचं वाईट वाटतं. लाख रुपये देणाऱ्यानं एवढंच विचारावं, याची मागच्या सालची वीस कोकरं तीन महिन्यांना किती भरली, आणि ती काय खाऊन भरली. कारण काळ्यानं मला हेच शिकवलं. खुराकावर वाढलेल्या मेंढ्याची नोंद खुराकावरच्या कळपासाठी खरी, डोंगरासाठी नाही. ज्या रानात पोरं चरणार त्या रानातच बापाची परीक्षा झाली पाहिजे.

वजनाच्या नादात मी पण एकदा चुकणार होतो. ४१८ नंबर, ४३१ च्याच सालचा, वाढीत सगळ्यांच्या पुढं, दिवसाला दीडशे ग्रॅमच्या वर. पण शेवटच्या रकान्यात तीन वेळा "लंगडतो" लिहिलेलं होतं आणि दोन वेळा जंताचं औषध. पावसाळ्यात आम्ही कोकराची खालची पापणी ओढून बघतो, लाल असली तर ठीक, पांढरट पडली की पोटातले जंत रक्त पितायत. ४३१ ची पापणी पूर्ण पावसाळाभर लाल होती, एकदा पण औषध लागलं नाही. ४१८ ला जड मनानं विकला. ही नोंद नसती तर तोच ठेवला असता आणि पुढची पाच वर्षं खुरं छाटत बसलो असतो.

एका वर्षाची नोंद अवकाळी पावसात भिजून गेली, पालावरचा कागद उडाला आणि पेनाची शाई सगळी निळी होऊन पसरली. तेव्हापासून पेन्सिल, आणि रोज संध्याकाळी पानाचा मोबाईलवर फोटो.

आता निकाल. ४३१ ला जून २०२० मध्ये पहिल्यांदा लावला, दुसऱ्या गटाला आमचा जुना मेंढा. २०२१ च्या वजनांत ४३१ ची ३६ कोकरं सरासरी १४.३ किलो भरली, दुसऱ्याची ३३ कोकरं १३.६, सगळी नव्वद दिवसांच्या हिशोबानं, आणि नर-मादी वेगवेगळं लावून बघितलं तरी फरक राहिला. सातशे ग्रॅम. आप्पांच्या मित्रांनी विचारलं, एवढ्यासाठी चार वर्षं वही लिहिलीस? हो, एवढ्यासाठी. पोरात बापाचं अर्धंच येतं, आणि वजनातला बराचसा भाग चारा-दूध-पावसाचा असतो, त्यामुळं एका पिढीत यापेक्षा जास्तीची आशा करणंच चूक. पण ३६ कोकरांत ते २५ किलो होतात, पावणेदोन कोकरांचं वजन, एक मूठ चारा जास्त न घालता. आणि त्यातल्या मादी कोकरांतल्या ११ आम्ही ठेवल्या, त्या आता व्यायला लागल्यात, ते सातशे ग्रॅम कुठं गेले नाहीत, कळपातच आहेत. एक मेंढी आयुष्यात पाच-सहा कोकरं देणार, मेंढा एका हंगामात तेवढ्याच्या सहापट. म्हणून मेंढा निवडताना घातलेला वेळ सगळ्यात जास्त फिटतो.

दोन हंगाम झाले की मेंढा बदलायलाच लागतो, नाहीतर तो स्वतःच्याच मुलींवर जातो आणि मग कोकरं मरायला, बारकी निपजायला लागतात. २०२२ ला ४३१ आम्ही खटावकडच्या आमच्या चुलत्यांच्या वाड्यावर दिला आणि बदल्यात त्यांचा एक मेंढा घेतला. घेताना मी विचारलं, वही आहे का. चुलते हसले, म्हणाले आमच्याकडं कसली वही. मला जरा टेन्शनच आलं, परत काळ्यासारखं व्हायचं नको. तेवढ्यात चुलती पालातनं बाहेर आली. कोकरं सांभाळायचं काम आमच्यात बायकांचं, लेकरागत सांभाळतात. पदराला हात पुसत तिनं विचारलं, "कुणाचं इचारतोयस, त्या बांड्या कानाच्या मेंढीच्या पोराचं व्हय?" आणि तिनं सुरू केलं. मी खाली बसून वही उघडली आणि ती सांगेल तसं लिहीत गेलो, मेंढीचं पाचवं वेत, पाचही जगली, दोन्ही सडांनी पाजते, मागच्या उन्हाळ्यात दुसरीचं पोरकं पण हिनंच वाढवलं, पाय कधी धरला नाही, हा मेंढा संक्रांतीच्या आदल्या दिवशी झाला.